बबाचे पाय

बबाला मी खालून ओळखते. त्याची टाच, पोटरी, धोतराची कड, आणि फारच मान वर केली तर हनुवटीचा खालचा भाग, जिथे रंग नीट पोचलेला नाही. बबा म्हणजे आमच्या नाटकातला म्हातारा. इकडे छत्तीसगढीत आजोबाला बबा म्हणतात, म्हणून तो बबा. त्याला दोऱ्या नाहीत. दोनेक वर्षांच्या मुलाएवढा तो बाहुला लांब टेबलावर चालतो आणि काळे कपडे घातलेली तीन माणसं त्याला मागून धरतात. एकाकडे डोकं आणि पाठ, एकाकडे दोन्ही हात, एकाकडे पाय. पाय माझ्याकडे होते.

डोकं जाऊबाईंकडे. घरातही तसंच आहे, त्यामुळे मला वेगळं काही वाटलं नाही. रायपूरच्या तात्यापाऱ्यात खाली दुकानं आणि वर आम्ही, असं आमचं घर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून काय शिजवायचं, कोणाकडे कधी जायचं, गाद्या कोणत्या उन्हात टाकायच्या, सगळं जाऊबाई ठरवतात आणि मी धावते. हात ज्यांच्याकडे आहेत ते भैया शाळेत चित्रकला शिकवतात. इथलेच, छत्तीसगढी माणूस. त्यांचं बोलणं बहुतेक 'हव', म्हणजे हो, या एका शब्दात आटोपतं. आनंद झाला तरी हव, चहा हवा असला तरी हव, पटलं नाही तर जरा उशिरानं हव.

नाटकात एकही शब्द नाही. बबा पहाटे उठतो, खांद्यावर पंचा टाकतो, लोटा घेतो आणि तलावावर आंघोळीला निघतो. तलाव सापडत नाही. तिथे रस्ता आहे, दुकानं आहेत, पुठ्ठ्याच्या स्कूटर उभ्या आहेत. तो फिरफिर फिरतो. शेवटी भर रस्त्यात थांबतो, चप्पल काढतो, पायाचा अंगठा पुढे करतो, आणि तिथे पाणी असतं. तो हळूहळू पाण्यात उतरतो. एवढंच. रायपुरात असे किती तलाव होते आणि किती राहिले हे मी सांगत बसत नाही; आमच्या प्रेक्षकांत नेहमी कोणीतरी असा निघतो, जो खेळ संपल्यावर म्हणतो की आमच्या घरामागेही एक होता.

हे सगळं सुरू झालं जाऊबाईंमुळे. त्या शाळेत हस्तकला शिकवायच्या. कुठल्याशा शिबिराला गेल्या, तिथे टेबलावरच्या बाहुल्या पाहिल्या, आणि परत आल्या त्या जेवायलाही न बसता कागद भिजत घालायला लागल्या. आमची मोठी परात गेली ती गेलीच. लगदा कुटून त्यांनी म्हाताऱ्याचं डोकं केलं. ते कितीतरी दिवस गच्चीवर एका बांबूला खोचलेलं वाळत होतं आणि शेजारच्या बाई ते पाहून कपडे वाळत घालायला यायच्या बंद झाल्या. मग भैया आले, त्यांनी हात केले. पाय कोणी धरायचे हा प्रश्न निघाला तेव्हा जाऊबाई माझ्याकडे वळल्या.

"तू धर. तुले खाली बसाची सवय आहे."

खरंच होती. आमच्याकडे ओट्यापाशी उभं राहून स्वयंपाक करतात, पण भाजी निवडायला, पापड लाटायला, वाटायला मी खालीच बसते आणि एकदा बसले की उठत नाही. नाटकातली माझी लायकी ती एवढी.

पायवाल्यानं वर पाहायचं नसतं. हा नियम कोणी शिकवला नाही, पहिल्याच तालमीत कळला. मी बबाच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचा पाय टेबलापासून बोटभर वर तसाच लटकत राहिला. चेहरा पाहत बसलं की पाय विसरतात. तेव्हापासून मी टेबलाच्या मागे ओणवी होऊन फक्त पाय पाहिले. जाऊबाई नाकानं श्वास घ्यायच्या, आम्हा दोघांना ऐकू येईल इतपत, आणि त्या श्वासावर बबा उठायचा, वळायचा, थांबायचा. माझं ऐकणं वरून आणि पाहणं खाली. मधला बबा मला माहीत नव्हता.

व्हिडिओ का नाही पाहिला असं लोक विचारतात. एक तर जाऊबाईंना ते अजिबात खपत नाही. "एकदा सोताले पाह्यलं का मंग जल्मभर सोतालेच पाहत बसान," असं त्या म्हणतात आणि फोन काढणाऱ्याला हॉलमध्येही झापतात. तरी कोणीतरी चोरून काढलेला एक तुकडा मला मिळाला होता. त्यात पुढच्या रांगेतल्या माणसाचं टक्कल होतं, त्याच्यापलीकडे अंगठ्याएवढा बबा होता, आणि मध्येच कोणाचं तरी मूल रडत होतं. मी तो पुसून टाकला.

पाय शिकायला मला बराच काळ लागला, आणि तो काळ आठवतो तो एखाद्या लांबलेल्या दुपारसारखा. मी रस्त्यानं खाली मान घालून चालायला लागले. पंडरीच्या कापडबाजारात बबाच्या धोतराला बारीक काठाचं कापड शोधायला गेले, तर काउंटरखालून दिसणारे गुमास्त्यांचे पाय पाहत उभी राहिले. दिवसभर उभे राहणारे पाय. एका पायावरचा भार दुसऱ्यावर देताना ते कमरेला न विचारताच देतात. दुकानदारानं तीनदा "क्या दिखाऊँ दीदी" विचारलं, मग गप्प बसला. मोहल्ल्यातल्या ओळखीच्या बाया म्हणायला लागल्या की हिला आता फार शिष्टपणा आलाय, समोरून गेली तरी बोलत नाही. मी त्यांना पाहिलेलंच नसायचं. त्यांच्या चपला मात्र मी ओळखायचे, कोणाची कुठल्या बाजूनं झिजलीय तेही.

स्वप्नंही तसलीच पडत. धुक्यातला रस्ता असायचा आणि त्यावरून नुसते पाय जायचे, गुडघ्यापर्यंतचे, वर माणूस नाही. मला भीती वाटत नसे. उलट फार शांत वाटे. ते सगळे एकाच दिशेला जायचे, कुठेतरी पुढे पाण्याचा आवाज यायचा, आणि मी त्यांच्या मागून चालत असायचे. माझे पाय मात्र मला दिसायचे नाहीत. सकाळी यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "झोपताना जड जेवू नको."

म्हातारा माणूस पाऊल टाकत नाही, आधी जमीन शोधतो. हे मला बूढ्या तलावाच्या पायऱ्यांवर बसून कळलं. त्याच्या टाचेत वजन पाहिजे हेही तिथेच सुचलं. मासे धरणारे जाळ्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या लावतात, त्यातल्या मूठभर मागून आणल्या आणि बबाच्या लाकडी टाचा कोरून आत भरल्या. मग तो जमिनीला टेकायला लागला. पण पाण्यात अंगठा घालायचा शेवटचा प्रसंग काही केल्या जमेना. मी अंगठा पुढे करायचे, टेकवायचे, मागे घ्यायचे. वरून जाऊबाई म्हणायच्या, "हे पाणी नाही. हा इस्त्रीवर पाय पडला." भैया म्हणायचे, "हव."

मग थंडीतल्या एका सकाळी तलावावर एक म्हातारे गृहस्थ पायरी उतरताना दिसले. पाण्यावर वाफ होती आणि पलीकडचा काठ दिसत नव्हता. त्यांनी अंगठा पाण्यात घातला आणि मागे घेतला नाही. बाकीचं सगळं अंग थांबलं, पंचा धरलेला हात थांबला, नुसता अंगठा आत वळला, मग सैल झाला. पाण्याशी त्यांची जुनी ओळख होती. गार आहेस का, असं विचारून झालं आणि ते उतरले. मी तिथे कितीतरी वेळ बसून राहिले. घरी येऊन बबाच्या पायाचा अंगठा कापून वेगळा केला, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं परत जोडला आणि पट्टीचं टोक माझ्या करंगळीत घेतलं. त्या दिवसाच्या तालमीत जाऊबाईंचा श्वास मध्येच अडकला.  जेवताना त्यांनी माझ्या ताटात न मागता दुसरी पोळी वाढली, आणि त्यांचा स्वभाव माहीत असल्यामुळे मला रडू यायचं बाकी राहिलं.

इतकी वर्षं हे चाललं आणि मग माझे गुडघे गेले. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला, आत काय उरलंय आणि काय नाही ते दाखवलं आणि ओणवं होणं बंद म्हणून सांगितलं. मी विचारलं, कधीतरी चालेल का. ते म्हणाले, "कधीतरी पण नाही." घरी येऊन मी पलंगावर बसले, खाली नाही, आणि तेव्हाच जाऊबाईंना काय ते कळलं.

त्याच सुमारास फोन आला. देशभरातली आजची बाहुलीनाट्यं पाहून त्यातली उत्तम निवडायची आणि त्यांचा सन्मान करायचा, असा एक मोठा उत्सव होणार होता. निवड करणारे तिघं रायपूरला येऊन बबाचा खेळ पाहणार होते. जाऊबाईंनी फोन ठेवला. मग आपल्या मुलीला हाक मारली.

ही माझी पुतणी. शहराबाहेर उरला नावाच्या कारखान्यांच्या भागात एका रोलिंग मिलमध्ये मालाची तपासणी करते. पस्तिशीची, चटपटीत, कामाला वाघ. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत. तालमी पाहत पाहत मोठी झाली, पण बबाला कधी हात लावला नव्हता, कारण आईच्या हाताखाली काम करण्यापेक्षा भट्टीसमोर उभं राहणं बरं असं तिचं मत.

"पाय तू धरशील," जाऊबाई म्हणाल्या. "चालला तं चालला. नाही चालला तं हा खेळ शेवटचा. बबाले पेटीत घालीन अन् कुलूप लावीन. लंगडा बबा मले लोकांपुढं नाही आणाचा."

"मम्मी, धमकी दे रही हो?"

"सांगून राहिली."

जाऊबाई बोलतात ते करतात. गोष्ट साफ होती. पुतणीला पाय जमले तर बबा जगणार. नाही तर सगळं पेटीत जाणार. माझं त्यात काय होतं? माझी हयात होती. बबा माझ्याशिवाय चालावा असं मला मनापासून वाटत होतं, आणि तो माझ्याशिवाय चालू नये असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी, एकाच पोटात.

शिकवणी सुरू झाली. मी खुर्चीवर, ती टेबलामागे. पहिले काही दिवस तर बबा फौजदार झाला होता. धाड, धाड. ती दिवसभर लोखंडी टोपीचे बूट घालून मिलच्या फरशीवर चालणारी पोरगी, तिला पाऊल म्हणजे ठामपणे टाकायची वस्तू. मी सांगायचे, जमीन शोध. ती म्हणायची, "काकू, जमीन तो यहीं है, टेबल है." हेही खरंच. मी सांगायचे, गुडघ्यातून नाही, टाचेतून. ती ऐकायची, करायची, आणि पुन्हा धाड. जाऊबाईंचा श्वास दिवसेंदिवस मोठा ऐकू येऊ लागला, आणि तो बबाचा नव्हता, संतापाचा होता. एकदा भैयांनी बबाचे दोन्ही हात त्याच्या मांडीवर ठेवले आणि स्वतःहून एक अख्खं वाक्य बोलले.

"बबा ह थक गे हे, दीदी."

बबा दमलाय म्हणून त्या दिवशी तालीम थांबली.

मी समजवायला कमी पडत होते, हे मला दिसत होतं. जे हाताला येतं ते तोंडाला येत नाही. तलावावर नेलं तर ती फोनवर मिलच्या कोणाशी तरी ट्रकबद्दल बोलत राहिली. तिचं काय चुकतंय ते सांगता येत होतं, बरोबर काय ते दाखवायला मला ओणवं होता येत नव्हतं.

आणि मग एका संध्याकाळी ती कामावरून आली. दारातच भिंतीला टेकून तिनं बूट ओढून काढले, मोजे काढले, आणि डोळे मिटून तशीच उभी राहिली. अंगावर मिलची काळपट धूळ. फरशी गार होती. तिच्या घरातल्या चपला तिथेच कुठेतरी होत्या. तिनं खाली पाहिलं नाही. तिचा उजवा पाय पुढे सरकला, अंगठा फरशीवरून फिरला, थांबला, आत वळला, चपलेच्या कडेला लागला, सैल झाला. बाकीची ती झोपेतच होती.

"हालू नको," मी ओरडले. "हेच कर. हेच."

ती दचकली. "क्या किया मैंने?"

"चप्पल शोधली."

तिनं डोळे उघडून आपल्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिनं बूट पुन्हा घातले, पुन्हा काढले, पुन्हा डोळे मिटले. दिवाणखान्यात संध्याकाळचा तो उजेड होता, ज्यात दिवा लावला तरी लागल्यासारखा वाटत नाही. ती बूट घालत होती, काढत होती, पाय चप्पल शोधत होता, आणि मी खुर्चीवर बसून ते पाहत होते. आतून जाऊबाई आल्या, दारात थांबल्या आणि परत गेल्या. नंतर बबाचा पाय तिच्या हातात दिला तेव्हा तो टेबलावर टेकण्याआधी क्षणभर थांबला.

तरी एकदा जमणं वेगळं आणि लोकांपुढे जमणं वेगळं. अंगठ्याची पट्टी तिच्या करंगळीतून निसटायची. कधी पाय छान पडायचा आणि तिला स्वतःलाच इतका आनंद व्हायचा की पुढचं पाऊल चुकायचं.  जाऊबाईंनी पेटी माळ्यावरून काढून पुसून ठेवली होती.

खेळाच्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा आमच्या नाटकाला प्रेक्षक म्हणून गेले. चांगली साडी नेसले होते, काळे कपडे नाहीत, आणि उगाच उघडं पडल्यासारखं वाटत होतं. पडद्यामागे जाऊन मी पुतणीचे हात धरले. बर्फासारखे गार. चेहऱ्यावरची काळी जाळी तिनं वर केली.

"काकू, आप सिर्फ पैर देखना. और कुछ नहीं. बाद में एक-एक गलती बताना मुझे."

"पाह्यतो ना वं. दुसरं का पाहीन मी? मले दुसरं येते का काही?"

तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची मी मुद्दाम घेतली होती, तिथून टेबलाची कड स्वच्छ दिसते. निवड करणारे तिघं पुढच्या रांगेत होते. त्यातल्या मधल्या बाईंचे केस पांढरे, चेहरा असा की यांना काही आवडलेलं कोणी पाहिलं नसेल. हॉल भरला होता. दिवे मंदावले. मी टेबलाच्या कडेवर नजर रोवून बसले.

बबा झोपला होता. पाठीचा एक श्वास झाला, मग दुसरा. तो उठून बसला आणि त्यानं आमच्याकडे पाहिलं.

मी त्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं असं कसं म्हणू? गच्चीवर वाळताना पाहिलं होतं, रंगवताना पाहिलं होतं, खेळानंतर आवरताना कितीदा पाहिलं होतं. पण ते डोकं होतं. हा कोणी दुसराच होता. नुकता जागा झालेला, आपण कुठे आहोत ते आठवत असलेला, किंचित रागावलेला म्हातारा. त्यानं पंचा झटकला आणि खांद्यावर टाकला. लोटा उचलला. निघाला.

त्यानंतरचं मला नीट ओळीनं सांगता येत नाही. तो चालत होता आणि मी बरोबर होते. पहाटेचा निळा उजेड होता. ओळखीच्या वळणावर तो वळला तेव्हा त्याला मान वर करून बघावं लागलं, कारण समोर झाड असायला हवं होतं आणि एक मोठी पाटी होती. तो चुकून पुढे आला का म्हणून मागे गेला. पुन्हा आला. पुठ्ठ्याची माणसं त्याच्या बाजूनं जात होती; त्यातल्या एकाला थांबवावं म्हणून त्यानं हात उचलला आणि तो हात कोणाच्याच लक्षात आला नाही म्हणून केसांवरून फिरवून खाली घेतला. मला त्याचा इतका राग आला. अरे, विचार ना कोणाला तरी. मग वाटलं, काय विचारणार? इथे तलाव होता का, असं? लोक वेड्यात काढतील. 

तो रस्त्याच्या मधोमध थांबला.  त्यानं लोटा खाली ठेवला आणि समोर पाहिलं, दूर, आमच्या डोक्यांवरून. त्याला पलीकडचा काठ दिसत होता. मला माहीत आहे दिसत होता, कारण मी मागे वळून पाहिलं, आणि मी एकटीच वळले नव्हते. मग त्याची मान हळूच झुकली आणि माझ्या साडीच्या आत, माझ्या दुखऱ्या पायांना, गार पाणी लागलं.

दिवे लागले. टाळ्या सुरू झाल्या आणि मी टाळ्या वाजवायच्या विसरून बसून राहिले. गालावरचं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं. शेजारची मुलगी मला रुमाल देत होती.

लोक उठायला लागले तशी मी कठड्याला धरून रंगमंचाच्या पायऱ्या चढले. त्या पांढऱ्या केसांच्या बाई माझ्या आधीच वर गेल्या होत्या. जाऊबाई आणि भैया बाजूला घाम पुसत होते, पुतणी विंगेत होती. बाईंना वाटलं कोणी पाहत नाही. त्या टेबलापाशी गेल्या, बबानं अंगठा घातला त्या जागेवर त्यांनी बोटं फिरवली आणि बोटं डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. कोरडी होती. त्यांनी पुन्हा एकदा हात लावला.

मग त्यांचे दोन सोबतीही आले आणि बोलणं सुरू झालं. मानेचं काम किती संयमाचं आहे, तो केसांवरून फिरलेला हात किती सुंदर, असं बरंच बोलले. त्यातल्या एकानं विचारलं की निवड झाली तर सन्मानासाठी कलाकार म्हणून कोणाचं नाव घालायचं. जाऊबाईंनी खुर्चीवर बसवलेल्या बबाकडे बोट केलं.

"इनका," त्या म्हणाल्या. विचारणारा हसला. त्या मात्र हसत नव्हत्या.

पायांबद्दल कोणी काही बोललं नाही. पुतणी विंगेतून ऐकत होती. तिघं खाली उतरले, कळवतो म्हणाले, गेले. ती पुढे आली. तिनं डोक्यावरची काळी जाळी काढून मुठीत चुरगाळली होती आणि ओठ घट्ट मिटले होते.

"किसी ने कुछ नहीं कहा," ती म्हणाली. "इतना खराब था? आप बताओ काकू. पैर कैसे थे?"

मी तोंड उघडलं. पहिलं पाऊल आठवायला गेले. पंचा आठवला. वळणावरचं पाऊल आठवायला गेले, तर ती पाटी आठवली, आणि पाटीकडे पाहणारे त्याचे डोळे. अंगठा आठवायला गेले. तो आत वळला का, सैल कधी झाला, पट्टी निसटली का. मला काहीच माहीत नव्हतं. ज्या पायांवर मी अर्धं आयुष्य डोळे लावून बसले, ते आज पाऊण तास माझ्यासमोर चालले आणि मी एकदाही तिकडे पाहिलं नाही.

"मले नाही माहीत," मी म्हणाले. "मी पाह्यलेच नाही."

"मतलब?"

"मतलब बबा तलाव शोधत होता अन् मी त्याच्यासंग शोधत होती. पायाकडं कोण पाहते, बाई?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. क्षणभर तिला राग आला होता, ते दिसलं. मग तिचा चेहरा बदलत गेला, आणि ती पायरीवर बसली, आणि दोन्ही तळव्यांत तोंड झाकून तिचे खांदे हलायला लागले. रडत होती की हसत होती, मी विचारलं नाही. मला स्वतःलाही दोन्ही येत होतं. माझं काम संपलं होतं आणि ते चांगलं झालं होतं, आणि दोन्ही मला एकाच वेळी कळलं होतं.

जाऊबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी खुर्चीवरून बबाला उचललं. खेळानंतर त्याच्या पावलांच्या गाठी सोडायच्या असतात, नाही तर पट्टीला ताण राहतो, आणि ते ज्याचे पाय त्याचं काम. त्या आमच्याकडे आल्या तेव्हा माझे हात आपोआप पुढे झाले.

जाऊबाई थांबल्या. माझ्या हातांकडे त्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे. कधी नव्हे ते त्यांचे डोळे भरले होते.

"राहू दे वं," त्या हळूच म्हणाल्या, आणि बबाला त्यांनी मुलीच्या मांडीवर ठेवलं.

मी हात मागे घेतले.